गिटारच्या नेकचं पार्सल आणि अप्पांची पट्टी

गिटारचा नेक, म्हणजे दांडी, घरी करायचं सामान मागवलं त्याचे आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. दीड कुठे गेला ते खाली येईलच पण ज्याला घाई आहे त्याने एवढं वाचून गेलं तरी चालेल की स्लॉट (फ्रेट बसवायच्या खाचा) पाडलेला फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची पट्टी, बिनधास्त घ्या, ट्रस रॉड (नेकच्या आत बसणारी, वाक काढायची सळई) आला की त्याच दिवशी तपासा, आणि फ्रेट वायर (बोर्डवर आडवी ठोकतात ती धातूची तार) या दुकानाकडूनच घ्यायला हवी असं काही नाही.

तर सामान काय होतं. एका ऑनलाइन दुकानातून (नाव देत नाही कारण पुढे तक्रार पण करणार आहे) मागवलेलं – शिसवीचा फिंगरबोर्ड, साडेपंचवीस इंची स्केलचे (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) २२ स्लॉट आधीच पाडलेले आणि वरून १२ इंच रेडियसची गोलाई दिलेली, एक ४४० मिमीचा डबल अॅक्शन ट्रस रॉड, २.४ मिमी रुंदीच्या फ्रेट वायरचे २४ तुकडे, हाडाचा नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) आणि फ्रेट ओळखायचे ठिपके. कुरिअर धरून तीन हजार तीनशेच्या आसपास पडलं. नेकचं मूळ लाकूड यात नाही, ते आपलं आपण बघायचं.

आता कुणी म्हणेल पाच हजारात तयार चायनीज नेक मिळतो, हा उद्योग कशाला. बरोबर आहे. माझ्याकडे कॉलेजातली एक स्ट्रॅटची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची) कॉपी आहे, ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचं सांगलीच्या गावभागातलं घर बारा दिवस बंद होतं, गिटार माळ्यावर होती त्यामुळे पाण्यात बुडाली नाही पण खाली कमरेएवढं पाणी आणि वर बंद दारं-खिडक्या, त्या वाफेत नेक असा काही पिळवटला की जाड तारेकडून बघितला तर पुढे वाकलाय आणि बारीक तारेकडून बघितला तर मागे. ट्रस रॉड वाक काढतो, पीळ काढत नाही. बॉडी मात्र ठणठणीत. आणि या जातीच्या गिटारचा नेक बॉडीला चिकटवलेला नसतो, चार स्क्रूंनी आवळलेला असतो, लिओ फेंडरने १९५० च्या आसपास हेच तर केलं की नेक बिघडला तर खोला आणि दुसरा लावा. म्हटलं मग दुसरा आपणच का करू नये, घरात अप्पा आहेत, अप्पांची पेटी आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. उभी नोकरी फाउंड्रीत, पॅटर्न शॉपला. बीड ओतायच्या आधी वाळूत जो लाकडी नमुना दाबतात तो करणारे. म्हणजे रंधा, पटाशी, कानस, गुण्या, शिकंजे सगळं घरात, आणि धारेला लावलेलं. इथवर वाचून तुम्हाला वाटेल हिला काय अवघड. थांबा.

खरं तर फिंगरबोर्ड मी आधी विकत घेणारच नव्हते. स्लॉट काय, हिशोबाचं काम, आणि मी अकाउंट्सवाली. स्केल ६४७.७ मिमी, त्याला १७.८१७ ने भागलं की ३६.३५, ही पहिली फ्रेट. उरलेल्या ६११.३५ ला परत १७.८१७ ने भागायचं, ३४.३१, ही पहिलीपुढे दुसरी, असं करत जायचं, बाराव्या फ्रेटला बरोबर निम्म्यावर म्हणजे ३२३.८५ वर यायला पाहिजे. सोळाव्या शतकात गॅलिलिओच्या वडिलांनी, विन्चेन्झो गॅलिलेई यांनी, सरळ १८ ने भागा म्हणून सांगितलेलं आणि ल्यूट (जुनं युरोपी तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांचं त्यात भागायचं, पण त्या हिशोबाने बारावी फ्रेट साधारण २.३५ मिलिमीटर अलीकडे येते, म्हणून आता १७.८१७. एक्सेलमध्ये दोन मिनिटांत टेबल तयार. लाकडाच्या डेपोतून शीशमची पट्टी आणली, अप्पांच्या पेटीतली स्टीलची लांब पट्टी घेतली, धारदार सुरीने २२ रेघा मारल्या आणि दोन संध्याकाळी बसून २२ स्लॉट कापले. इतके सुबक की फोटो काढून बहिणीला पाठवला.

मग सहज जुना नेक शेजारी ठेवला. पहिली फ्रेट जुळली. पाचवी जरा पुढे वाटली. बाराव्या फ्रेटला सव्वातीन मिलिमीटरचा फरक! मी परत मोजलं, त्याच पट्टीने, बरोबर ३२३.८५. टेपने मोजलं, ३२७. मला वाटलं टेप खराब.

अप्पा चहा पीत होते, त्यांनी पट्टी उलटी करून कोपऱ्यातली बारीक अक्षरं दाखवली. ती बिडाची पट्टी होती. बीड थंड होताना आकसतं, साधारण एक टक्का, म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवर एक-एक मिलिमीटरच मुळात तेवढा मोठा आखलेला असतो, म्हणजे नमुना मोठा होतो आणि ओतलेला तुकडा बरोबर मापात येतो. माझं सगळं गणित एकदम बरोबर आणि सगळ्या रेघा एक टक्का लांब.

"अप्पा, सांगायचं तरी होतं!"

"तू विचारलंस कुठं? आणि काही चुकलेलं नाही, बिडाची गिटार ओत, बरोबर येईल."

हसून हसून त्यांचा चहा सांडला. मी तीन दिवस त्या कामाला हात लावला नाही आणि चौथ्या दिवशी ऑर्डर टाकली. तर या रिव्ह्यूमागची ही पार्श्वभूमी.

बोर्ड बद्दल आता मनापासून चांगलं बोलते. पहिल्यांदा काय केलं असेल तर साध्या स्टीलच्या पट्टीने (दुकानातून नवीन आणली, पंधरा इंची, बिल जपून ठेवलंय) बारावा स्लॉट मोजला, ३२३.८ आणि जो काही केसभर असेल तो. सगळे स्लॉट गुण्यात, रुंदी ०.६ च्या आसपास. हे हाताने करायचं तर बारीक दातांची खास करवत लागते, गाईड लागतो, आणि नवशिक्याचा एक तरी स्लॉट तिरपा जातोच. चौदाशे रुपयांत हा सगळा ताप वाचतो. लाकूड पण खरं शिसव. हे सांगायचं कारण, आपल्याकडे डेपोत शिसव मागितलं की कधी कधी उत्तरेकडचं शीशम हातात देतात, नाव सारखं वाटतं पण झाडं वेगळी, फर्निचरवाल्याला फरक पडत नाही म्हणून तोही सांगत नाही. आपलं शिसव जांभळट काळपट, जड, आणि पॉलिश पेपर मारला की गुलाबासारखा गोडसर वास, पेपर मारताक्षणी घरभर सुटला. फक्त मास्क लावा, या भुश्शाने घसा धरतो आणि काही जणांच्या अंगावर पुरळ उठतं. गंमत बघा, जगातल्या कितीतरी गिटारींच्या फिंगरबोर्डवर आपल्याच दक्षिणेकडचं शिसव असतं, २०१७ च्या जानेवारीत या जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा भल्या भल्या कंपन्यांची कागदपत्रं करता करता दमछाक झाली, मग २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, आणि इथे सह्याद्रीच्या पायथ्याला बसून मी ते कुरिअरने मागवते.

बोर्डची एक तक्रार, शेवटचे दोन स्लॉट उथळ होते. फ्रेट ठोकली तर ती खाली बसणारच नाही, वर तरंगणार. गोलाई दिल्यावर कडेला स्लॉटची खोली कमी होते हे त्यांना माहीत असायला हवं. मी हॅक्सॉचं ब्लेड घेतलं, दातांची दोन्हीकडची फाक तेलाच्या दगडावर घासून सपाट केली (नाहीतर स्लॉट रुंद होतो) आणि हाताने हळूहळू खोल केले. अर्धा स्टार इथे गेला.

लाकडाचं सांगते. सगळीकडे मेपल मेपल वाचून डेपोत गेले, मेपल आहे का, तर आहे म्हणे पण अख्खी फळी घ्या. मला लागणार २८ इंच बाय ४ इंच बाय १ इंच, म्हणजे ०.०६५ घनफूट. एवढ्याचं बिल करायला त्यांना लाज वाटत होती. शेवटी स्टीम बीचचा एक तुकडा कोपऱ्यात पडलेला, दीडशे रुपयांत दिला. स्टीम बीच म्हणजे ते गुलाबीसर, फर्निचरला वापरतात ते, वाफवलेलं असतं. कडक आहे, रंध्याला गोड आहे, स्क्रू चांगला धरतं. पण हवेतल्या ओलीला लई हलतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. सागवान का नाही असं तीन जणांनी विचारलं, सागात तेल असतं, चिकटवायच्या आधी थिनरने पुसावं लागतं, आणि पहिल्याच कामात गोंद धरेल का नाही ही धाकधूक मला नको होती.

तुकडा घेतल्यावर मिरजेला गेले होते तर सतारमेकर गल्लीत डोकावले, तिथे एक चाचा दांडी घासत बसलेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा कागद भिंतीवर लावलेला. मी तुकडा दाखवला. त्यांनी नखाने टोकरला, कानाजवळ धरून टिचकी मारली आणि म्हणाले, "ताई, याला घरात झोपू दे आधी." किती दिवस? "जितकं थांबवेल तितकं." मग पडद्यांचा विषय निघाला, सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात, राग बदलला की पडदा हलवला. त्यांनी विचारलं तुमच्या गिटारचे? म्हटलं ठोकून पक्के. "मग चूक झाली तर?" म्हटलं चूक पण पक्की. ते हसले, मला मात्र बिडाची पट्टी आठवली. लाकूड दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कपाटावर झोपवलं. एका बाजूने जरासं वाकलं, ते रंध्याने काढलं. लगेच कापायला घेतलं असतं तर तो वाक नेकमध्ये गेला असता, तेव्हा चाचांचे आभार.

ट्रस रॉड. इथे माझा अर्धा स्टार गेला. गिब्सन या गिटार कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना ट्रस रॉडचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं, म्हणजे शंभर वर्षं झाली या वस्तूला, आता तरी ती नीट यायला हवी ना. तारांचा ताण नेकला पुढे ओढतो, आतला रॉड आवळला की तो मागे खेचतो, डबल अॅक्शन असेल तर दोन्हीकडे वाकवतो. मी टेबलावर ठेवून अॅलन की लावली, अर्धा फेरा दिला, आणि कट्! रॉड आवळायच्या नटाकडचं वेल्डिंग सुटलं. चिकटवायच्या आधी सुटलं म्हणून बरं, नाहीतर बोर्ड उखडायला लागला असता. दुकानाला फोटो पाठवला तर पहिलं उत्तर काय, तर तुम्ही जास्त आवळला असेल. अर्धा फेरा हो! मग व्हिडिओ मागितला, मग बॉक्सचा फोटो मागितला, मग अकरा दिवसांनी दुसरा रॉड आला, निमूटपणे आला, पैसे नाही घेतले, तेवढं श्रेय देते. दुसरा चांगला निघाला. अप्पांनी मात्र तुटलेलं वेल्डिंग भिंगातून बघून जो काय शेरा मारला तो इथे लिहिता येत नाही.

रॉडची खाच ट्रिमरने (लाकडात खाचा पाडायचं हातातलं मशीन) पाडली, ट्रिमर आमच्या ओळखीच्या मॉड्युलर किचनवाल्या सुतारदादांकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणला. ६ मिमीचा सरळ बिट, साडेनऊ मिमी खोल, एका दमात नाही, तीन तीन मिलिमीटर करत. आणि फळी चौकोनी आहे तोवरच हे करून घ्या, एकदा नेकचा आकार कापला की ट्रिमरच्या गाईडला टेकायला सरळ कडच राहत नाही. मी शेवटच्या फेरीला हात जरा उचलला आणि हेडस्टॉकच्या (ट्यूनर म्हणजे तारांच्या खुंट्या बसतात त्या टोकाच्या) बाजूला खाच अर्धा मिमी रुंद झाली, तिथे सिलिकॉनचा ठिपका दिलाय म्हणजे रॉड खडखडणार नाही. नाही खडखडत.

बोर्ड चिकटवणे. फेव्हिकॉल एसएच, साधा. गोंद लावला की वरचा बोर्ड साबणासारखा घसरतो, तुम्ही शिकंजा आवळला की तो हळूच एक मिलिमीटर बाजूला जातो आणि तुमची सेंटर लाईन गेली. पॅटर्न दोन अर्ध्यांत असतो तेव्हा ते अर्धे जुळायला खुंट्या घालतात, अप्पांनी मला न विचारता पहिल्या आणि एकविसाव्या स्लॉटच्या आत दीड मिमीची भोकं पाडून दोन बारीक खिळे उभे केले, गोंद सुकल्यावर काढून घेतले. वर २.४ ची फ्रेट बसली की भोक झाकलं. इतक्या साध्या गोष्टीने इतकी शांत झोप लागली त्या रात्री. रॉडवर मास्किंग टेपची पट्टी लावा नाहीतर गोंद आत जाऊन रॉडच जाम. आणि एक, दुसऱ्या दिवशी नेक मागे वाकलेला दिसला तर घाबरू नका, गोंदातलं पाणी एका बाजूने लाकडात जातं म्हणून तसं होतं, माझा आठवड्यात जवळपास सरळ झाला.

हेडस्टॉकचं काही विशेष नाही. फेंडरसारखा सपाट ठेवला, मागे कलता नाही, त्यामुळे जोड नाही आणि लाकूड वाया जात नाही, फळीच्या वरच्या पातळीपासून ५ मिमी खाली उतरवला, जाडी १४ राहिली, सहा भोकं १० मिमीची, जुनेच ट्यूनर. आकार मात्र माझा, कोयरीसारखा. नवरा म्हणतो लोणच्याची जाहिरात वाटते.

पाठ घासायचं काम सगळ्यात भारी. हे वाचून कोण करणार असेल तर मी म्हणेन एवढ्यासाठी करा. पहिल्या फ्रेटला एकूण जाडी २१, बाराव्याला २३, या दोन ठिकाणी आधी माप पक्कं करून घ्यायचं आणि मग मधलं जोडायचं. कडा आधी ४५ अंशात सपाट उतरवायच्या, मग त्या कडांच्या कडा, मग गोल. जाड दातांची लाकडाची कानस, मग पेपरची लांब पट्टी दोन्ही हातांत धरून बूट पॉलिशवाल्यासारखी. जीव मुठीत होता कारण हिशोब करा, २१ मधून बोर्डचे ६ आणि खाचेचे साडेनऊ गेले की खाली साडेपाच मिलिमीटर लाकूड, जास्त घासलं की रॉडचं दर्शन. दर दहा मिनिटांनी डोळे मिटून हातात धरून बघायचं. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा अंगठ्याला लगेच कळतो. दोन रविवार गेले. घरभर भुस्सा, सासूबाईंनी तुळशीत टाकायला नेला.

फ्रेट वायर. वस्तू ठीक आहे, वाईट नाही. नाव निकेल सिल्व्हर पण चांदी औषधाला पण नाही, जर्मन सिल्व्हरचे दागिने असतात ना तोच धातू, तांबं निकेल जस्त. तक्रार एवढीच की तुकडे एकदम सरळ पाठवले. बोर्डला १२ इंचाची गोलाई आहे तर वायर त्याहून थोडी जास्त वाकलेली हवी, तरच दोन्ही टोकं आधी दाबली जातात आणि मग मधला भाग बसतो. सरळ वायर ठोकली की मध्यभाग बसतो आणि टोकं उडतात, माझ्या पहिल्या तीन उडाल्या, एक तर थेट पंख्याखाली जाऊन पडली. मग बाकीच्या डब्याभोवती हाताने वाकवून घेतल्या. उडालेल्या तीन फेविक्विकचा थेंब सोडून दाबून धरल्या, सोबत माझं बोट पण. अर्धा स्टार हिच्यासाठी कापला, वाकवलेली गुंडाळी दुसरीकडे याच भावात मिळते.

लेव्हलिंगला, म्हणजे सगळ्या फ्रेट एका उंचीला आणायला, स्लायडिंग खिडकीची अॅल्युमिनियमची सोळा इंची पट्टी, तिला खाली ३२० चा पेपर चिकटवलेला. आधी सगळ्या फ्रेटच्या डोक्यावर मार्करने काळं करायचं, मग पट्टी फिरवायची, काळं गेलं ती उंच, काळं राहिलं ती बुटकी. माझी सातवी आणि पंधरावी शेवटपर्यंत काळीच, त्यांच्यासाठी बाकीच्या वीस घासाव्या लागल्या. मग सपाट झालेली डोकी परत गोल करायला खास कानस मिळते ती महाग, मी अप्पांची त्रिकोणी कानस घेतली आणि तिच्या कडांचे दात ग्राइंडरवर उडवले म्हणजे बोर्डवर ओरखडे नको. त्या कानसीची किंमत मला आयुष्यभर ऐकावी लागणार आहे.

नटच्या खाचांसाठी एक स्वस्तातली वस्तू सांगते जिला पाचपैकी पाच. नट फाइलचा सेट पाच-सहा हजारांचा. त्याऐवजी वेल्डिंग सामानाच्या दुकानात गॅस नोझल साफ करायच्या दातेरी तारांचा छोटा डबा मिळतो, मला एकशे चाळीसला पडला. वेगवेगळ्या जाडीच्या तारा, तळ आपोआप गोल. गिटारच्या तारांच्या नऊ नंबरच्या सेटमधली जाड तार १.०७ मिमीची, तिच्या खाचेला साधारण सव्वा मिमीची दातेरी तार, बारीक तारांना सगळ्यात बारीक. हाड घासताना दाढ भरताना येतो तसला वास येतो, खिडकी उघडी ठेवा. कडेचे छोटे ठिपके मी विसरलेच होते मागवायला, ते विणकामाच्या दोन मिमीच्या पांढऱ्या प्लास्टिक सुईचे तुकडे आहेत, कुणालाही कळत नाही.

पॉलिशला चुकले. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये करून लावलं, दिसायला झकास, अगदी सतारीसारखं. पाडव्याला तारा चढवल्या, एप्रिलच्या मध्यापर्यंत मजा, आणि मग सांगलीचा उन्हाळा, घामाचा हात, अंगठा नेकला चिकटायला लागला. सगळं पेपरने उतरवून उकळलेल्या अळशीच्या तेलाचे पातळ हात दिले, आता हात सरकतो. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका हं, आपोआप पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवा आणि मगच टाका. हे मला अप्पांनी सांगितलं, त्यांच्या शॉपमध्ये एकदा पिंप धुमसलेलं.

बसवताना बॉडीच्या भोकांतूनच नेकवर खुणा केल्या, पण त्या आधी दोन दोरे ताणले, दोन्ही कडेच्या ट्यूनरपासून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), आणि दोन्ही दोरे बोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर आल्यावरच भोकं पाडली. बॉडीत नेक बसतो त्या खड्ड्याची रुंदी पुस्तकात ५६ मिमी, माझ्या कॉपीत ५५.३, तेव्हा आपली गिटार मोजून कापा. स्क्रूला मेणबत्ती घासा, बीच कडक आहे, कोरडा स्क्रू डोकं सोडतो.

वाजते कशी? स्वरात वाजते, बाराव्या फ्रेटला ट्यूनर अॅपवर काटा मध्ये. सातव्या फ्रेटला जाड तारेवर जरा झर्र होतं जोरात मारलं की. वजन जुन्या नेकपेक्षा जास्त, पट्टा लावून हात सोडला की डोकं खाली झुकतं. आणि जून संपता संपता पावसाची ओल लागली तसं बीचने आपला गुण दाखवला, तारा एका आठवड्यात बोर्डपासून वर गेल्या, सहाव्या-सातव्या फ्रेटजवळ अर्ध्या मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सहज जायला लागलं. पाव फेरा आवळला, खाली आल्या. दुसऱ्या रॉडने काम केलं, म्हणून त्याचा स्टार पूर्ण नाही कापला तर अर्धाच कापला.

खर्चाचं म्हणाल तर पार्सल, लाकूड, पेपर, गोंद, तेल, नवी पट्टी असं सगळं धरून पावणेपाच हजार. म्हणजे तयार नेकच्या भावातच. वेळ धरला तर हिशोब न केलेलाच बरा.

दुकानाने हे वाचलं तर दोनच गोष्टी करा, रॉड पाठवायच्या आधी एकदा दोन्हीकडे फिरवून बघा आणि कडेला स्लॉटची खोली किती ते पानावर लिहा. दुसरा बोर्ड मी तुमच्याकडूनच मागवलाय, भाच्याच्या बेस गिटारसाठी नाही जमणार म्हणालात, ठीक आहे, पण गिटारचा पाठवा. या वेळी लाकूड मेपल, सुतारदादांनी त्यांच्या एका कामातला उरलेला तुकडा राखून ठेवलाय, सध्या कपाटावर झोपलाय. आणि बिडाच्या पट्टीला अप्पांनी परवा दोन्ही टोकांना लाल ऑइल पेंट लावला, माझ्यासमोर, काही न बोलता.